ताशी तीस

बाबांना आयुष्यात कोणी कोणी ओव्हरटेक केलं, याची यादी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ट्रक, एसटी, मोटारी हे सोडून देऊ, त्यात विशेष काही नाही. पण सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली, कुल्फीवाले, तीनचाकी सायकलवर भंगार नेणारा एक गृहस्थ, आणि एकदा आमच्याकडच्या गोरेगावच्या उतारावर एक बैलबंडी. बैलबंडीबद्दल बाबांचं म्हणणं असं होतं की बैल बुजलेले होते, त्यामुळे ती यादीत धरू नये.

स्कूटर जुनी होती, पण दोष तिचा नव्हता. स्पीडोमीटरच्या काचेवर तीसच्या आकड्याजवळ नखाएवढी लाल रेघ आहे. ती माझ्या नेलपॉलिशची. मी बारावीत असताना बाबांनी बाटली न विचारता घेतली आणि बूच सैल ठेवून परत केली, त्यामुळे उरलेलं नेलपॉलिश वाळून गेलं. काटा रेघेला टेकला की त्यांचं मनगट तिथेच थांबे. तीसच का, असं कोणी विचारलं की म्हणत, "तीसवर ब्रेक दाबला की गाडी कुठे थांबणार ते मला माहीत असतं. चाळीसवर ते फक्त देवाला माहीत असतं, आणि तो सांगत नाही." पाटबंधारे खात्यात त्यांनी एकतीस वर्षं कालव्यातल्या पाण्याची उंची मोजली. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांचे वंशज. अंदाजाने बोलणाऱ्या माणसाकडे आमच्या घरात जरा दयेनेच बघतात.

मागच्या नोव्हेंबरात बाबा गेले. कुडव्याच्या घरून भिवाटोल्याला, आमच्या गावी, शेतावरचं धान बघायला निघाले होते. गावाच्या अलीकडच्या पुलियाच्या, म्हणजे लहानशा पुलाच्या, कठड्यावर स्कूटर आदळली. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. लिहायचं आहे ते पंचनाम्याबद्दल. त्यात असं वाक्य होतं: "यातील मयत केशोराव हे आपले ताब्यातील दुचाकी भरधाव वेगाने व हयगयीने चालवीत असताना..."

भरधाव.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक मला दिसलं की ते उचलून जागेवर ठेवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हा शब्द तसा होता. शिवाय तो कागदावर राहिला नाही. दसव्याला आलेली माणसं ओसरीत बसून मान हलवत, "बाकी सगळं खरं, पन ह्या वयात एवढा स्पीड कायले जी?" आई आतून ऐकत असे. त्या दिवसांत ती फारसं काहीच बोलत नव्हती.

तेव्हा मी ठरवलं की एवढा एक शब्द काढून घ्यायचा. दुसरं काही नको. हे काम आठवडाभराचं आहे असा माझा समज होता.

ठाण्यात पंचनामा लिहिणारे जमादार श्यामलाल भेटले. निवृत्तीला वर्ष उरलेलं, टेबलावर पाण्याची बाटली आणि बीपीच्या गोळ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी अठ्ठावीस सालांची सर्विस झाली. अपघाताच्या पंचनाम्यात भरधाव नाही लिहिलं तर साहेब विचारतात, मग अपघात झाला कसा?"

"प्रत्येक पंचनाम्यात लिहिता?"

"प्रत्येक. एक बार तो बैलबंडीला ट्रक लागला होता. बंडीवाल्याचं पन भरधावच लिहिलं."

"बंडी चालत होती?"

"उभी होती. पन उभी राहायच्या आधी चालूनच रायली होती ना."

त्यांनी विजयी चेहरा केला नाही. उलट कागद माझ्याकडे सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं. "हे पहा. सोळा मीटर गाडी घासत गेल्याची खूण. मी स्वतः टेप लावला. तीसच्या स्पीडला कोणती गाडी सोळा मीटर घासते, सांगा तुम्ही. मी काढून टाकतो भरधाव."

आकडा रास्त होता, हीच पंचाईत. बाबांची मुलगी असल्यामुळे मी आकड्यापुढे गप्प बसते.

मी ग्रंथालयात परत आले आणि वाहन चालवण्यावरचं एक जाड पुस्तक काढलं. ते आठ वर्षांत कोणी नेलं नव्हतं. त्यातून असं कळलं की गाडी थांबायला लागणारं अंतर दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा विचाराचा, म्हणजे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते तेवढा. दुसरा ब्रेकचा. पहिला माणसावर अवलंबून असतो आणि दुसरा रस्त्यावर. कोरड्या डांबरावर जुनी स्कूटर तीसच्या वेगात सात-आठ मीटर घासत जाऊन थांबावी. ओल्या रस्त्यावर आणखी दोन-तीन मीटर. रस्त्यावर वाळू, बारीक खडी किंवा गोल दाणेदार काही पसरलेलं असेल तर कोरड्याच्या दुप्पट. धानाचा उल्लेख कुठे नव्हता. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांच्याकडे धान रस्त्यावर वाळत घालत नसावेत.

आमच्याकडे घालतात. कापणी-मळणी झाली की अख्खा तालुका आपलं धान डांबरी रस्त्यावर आणून ओततो. अर्धा रस्ता धानाला, अर्धा वाहतुकीला, मध्ये दगडांची रांग. डांबर तापलेलं असतं, दोन दिवसांत दाणा कडक होतो. आणि दवाखान्यातून बाबांचे कपडे परत मिळाले तेव्हा पँटच्या दुमडीत मला अकरा दाणे सापडले होते. मी ते चष्म्याच्या डबीत ठेवले. आई म्हणाली, "त्यांच्या पँटीत कधी नव्हते धान?" ते खरंच होतं. पण सोळा मीटरही खरे होते.

भिवाटोल्याला जाऊन मी विचारलं, त्या दिवशी पुलियाजवळ धान होतं का. पानठेल्यावरचे म्हणाले, नाही जी. मंदिरापाशी बसलेले म्हणाले, नाही. सरपंच सुशिलाबाई म्हणाल्या, "नाही माय, रोड साफ होता, आरशासारखा." नोव्हेंबरात आमच्या गावच्या रस्त्यावर डांबर शोधावं लागतं. त्या एका दिवशी मात्र ते आरशासारखं होतं. आमचं शेत वाट्याने करणारा देवचंद तेवढा काही बोलला नाही. तो टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "चहा घेता का, बाई?"

कुडव्याला माझ्या शेजारी कैलाश राहतो. त्याचं इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे आणि सल्ल्यांचा साठा त्याहून मोठा. माझा खटाटोप त्याला कळला तेव्हा तो म्हणाला, "दीदी, सीधी बात करू का? तुम्हाला स्पीडब्रेकर पाहिजे."

"मला ब्रेकर नको आहे, कैलाश. मला एक शब्द काढायचा आहे."

"शब्द काढून कोणाला काय मिळालं? ब्रेकर मिळतो."

त्याचं चूक नव्हतं. आमच्या जिल्ह्यात अपघाताची दखल घेण्याची ती एकच रीत आहे. मी ज्या ज्या कार्यालयात गेले तिथल्या प्रत्येकाने माझा अर्ज वाचायच्या आधी विचारलं, ब्रेकर कुठे हवा. रस्ते सांभाळणाऱ्या कार्यालयात मी रस्त्याच्या त्या दिवसाच्या स्थितीचा दाखला मागितला. तीन आठवड्यांनी मिळाला. रस्ता सुस्थितीत. मी विचारलं, धान असेल तर? साहेबांनी चष्मा पुसला. रस्त्यावर धान असणं हा रस्त्याचा दोष नाही, धानाचा आहे, ते म्हणाले, आणि धानाचा विभाग वेगळा. स्पीडोमीटर बरोबर दाखवतो याचा दाखला घ्यायला वाहनांच्या कार्यालयात गेले, तर स्कूटरची नोंदणी संपलेली निघाली. नूतनीकरणाला मालकाची सही लागते. मालक नाहीत म्हटल्यावर गाडी वारसाच्या नावे करायला सांगितलं, आणि वारसाच्या नावे करायला नोंदणी चालू लागते. खिडकीतला माणूस सज्जन होता. त्याने मला हे दोनदा समजावून सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगताना तोही खिन्न झाला.

एवढ्यात भिवाटोल्याने आपल्या परीने माझं दुःख हलकं केलं. जानेवारीत गेले तर पुलियाच्या अलीकडे ब्रेकर तयार. गावाने ग्रामपंचायतीचा मुरूम आणि कोणाच्या तरी घराचं उरलेलं सिमेंट घालून स्वतःच बांधलेला, म्हशीच्या पाठीएवढा उंच, पांढरे पट्टे नसलेला. त्यावर तोवर दोघे जण पडून झाले होते. शेजारी फ्लेक्स. फ्लेक्सवर बाबांचा निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला फोटो, आणि खाली मोठ्या लाल अक्षरात, "वेगाला आवरा, जीव सावरा."

सुशिलाबाई शेजारी उभ्या होत्या. "चांगलं झालं ना, माय? अक्षरं मीच सांगितली."

मी फ्लेक्सकडे बघत राहिले. ज्या माणसाला कुल्फीवाला मागे टाकून जाई, तो आता येणाऱ्या-जाणाऱ्याला वेगाचे दुष्परिणाम सांगत उभा होता. मी म्हटलं, "फोटो छान आलाय." दुसरं काय म्हणणार? त्यांनी खरोखर मनापासून केलं होतं.

परतीच्या वाटेवर पुन्हा ठाण्यात गेले. श्यामलालांनी चहा मागवला.

"मॅडम, कागदं आणून काही होत नाही," ते म्हणाले. "तुमची गाडी, तोच रोड, अन् धान टाकून पंचांसमोर करून दाखवा. सोळा मीटर आले तर पुरवणी जबाब घेतो, साहेबांना मी समजावतो. पर धान तर आता नाही."

"उन्हाळी धान मे महिन्यात निघतं."

"तर मे महिन्यात. मी स्वतः येतो."

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तू पडशील."

"सावकाश चालवणार आहे."

"ते पण सावकाशच चालवत होते," आई म्हणाली आणि डाळ निवडायला बसली. थोड्या वेळाने ताटातून मान वर न करता म्हणाली, "टेपचं एक टोक कोणाला तरी धरावं लागेल. मी येते."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठला, आम्ही भिवाटोल्याला पोचलो. ब्रेकरमुळे आता मूळ जागा उपयोगाची नव्हती, म्हणून पुलियाच्या दोनशे पावलं अलीकडचा सरळ तुकडा धरला. श्यामलाल मोटारसायकलवरून आले होते. पंच म्हणून दोन माणसं बोलावली होती, ती ऐंशी आली. काही जण पिशवीत डबे घेऊन. कोणीतरी उसाच्या रसाची गाडी आणून लावली.

दुरुस्त करून घेतलेली स्कूटर चालवायला कैलाश तयार होता. अडचण एवढीच निघाली की त्याला तीसवर गाडी चालवता येईना. पहिल्या खेपेला तो बावन्नवर आला, दुसऱ्या खेपेला अठ्ठेचाळीसवर. तिसऱ्या खेपेला त्याने खूप आवरलं तेव्हा गाडी डुगडुगत रसाच्या गाडीकडे गेली.

"दीदी, तीस पे बॅलन्सच बनत नाही," तो घाम पुसत म्हणाला. "काका कसे चालवत होते, काय माहीत." मग गावातल्या चौघांनी प्रयत्न केला. तीसवर गाडी चालवू शकणारा माणूस त्या ऐंशी जणांत निघाला नाही. हा मुद्दा पंचनाम्यात घ्यावा असं मी श्यामलालांना सुचवलं. ते म्हणाले, तसा रकाना नाही.

म्हणून मी बसले. हेल्मेट घातलं, ओढणी कमरेला बांधली. काटा लाल रेघेला टेकवला आणि चुन्याच्या खुणेवर मागचा ब्रेक दाबला. बाबा नेहमी तोच एक दाबत. कोरडा रस्ता, तीन खेपा. सात मीटर साठ, आठ मीटर, सात मीटर सत्तर. आई टेपचं टोक धरून वाकली होती आणि आकडा मोठ्याने सांगत होती. तिचा आवाज इतका मोठा मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

मग ओला रस्ता. त्यासाठी एक टँकर सांगितला होता. मेमधलं आमच्याकडचं डांबर ज्याने पाहिलं नाही त्याला सांगते, पुढच्या टोकाला पाणी पडेपर्यंत मागचं टोक वाळलेलं असे. दोनदा रस्ता भिजवला, दोनदा मी स्कूटर वळवून येईपर्यंत तो कोरडा झाला. तिसऱ्यांदा पाणी सोडलं तेव्हा सुशिलाबाई पुढे आल्या.

"गावाले प्यायले पानी नाही अन् तुम्ही रोडले पाजून रायले? आकडा लिहा न् बंद करा नळ."

मी चालत्या टँकरच्या मागोमाग गाडी नेऊन कशीबशी एक खेप केली. दहा मीटर चाळीस. श्यामलालांनी लिहून घेतलं. टँकरच्या उरलेल्या पाण्यासाठी सुशिलाबाईंनी हंड्यांची रांग लावली आणि पाऊण तास प्रयोग तहकूब झाला.

मग धान. मी देवचंदला आदल्या दिवशी निरोप दिला होता. तो ट्रॅक्टरवर पोती घेऊन आला. मी त्याला टेप देऊ लागले, किती लांब, किती जाड, हे सांगायला. त्याने टेप घेतला नाही. पोती सोडली, पायाने धान सारत गेला, चार बोटं जाडीचा थर केला, मग अनवाणी पायांनी त्यातून उभ्या रेघा ओढल्या आणि कडेला दगड लावले. मी मोजलं. एकवीस मीटर.

"मी वीस सांगणार होते," मी म्हटलं.

"होय जी," देवचंद म्हणाला. "तेवढंच लागते."

मी हेल्मेटचा बंद लावत होते तेवढ्यात कैलाश स्कूटरवर बसला आणि कोणी अडवायच्या आत पन्नासच्या वेगाने सरळ धानावरून निघून गेला. ब्रेक न दाबता. स्कूटर थोडी हलली, धान दोन्हीकडे उडालं आणि तो पलीकडे सुखरूप जाऊन उभा राहिला.

"इसमे क्या है?" तो तिकडून म्हणाला. "कुछ नहीं होता."

"अरे बाबू, कनी होते," देवचंद कळवळून म्हणाला आणि वाकून दाणे बघू लागला. गाडी वरून गेली की धानाचा दाणा आत तुटतो, गिरणीत तांदळाऐवजी कणी निघते. त्याने दोन-तीन दाणे दातांनी फोडून पाहिले.

मी मात्र कैलाशकडे बघत होते. ब्रेक दाबला नाही तर काहीच होत नाही. दुसरा कोणीही असता तर तो वरून निघून गेला असता. मग बाबांनी ब्रेक का दाबला?

हा प्रश्न मनात घेऊनच मी शेवटची खेप केली. काटा रेघेवर. चाक धानावर गेलं आणि मी ब्रेक दाबला.

घसरताना फारसा आवाज होत नाही. सुपात धान पाखडताना होतो तेवढाच. हँडल हातात होतं, पण त्याचा गाडीशी काही संबंध उरला नव्हता. मग स्कूटर एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, कोपर आणि गुडघा सोलून, ओढणी फाटून, ऐंशी माणसांसमोर धानात उताणी. तिथे पडल्या पडल्या मला हिशेब लागला की हे सगळं चार सेकंदांत झालं. बाबांच्या वेळी ते किती वेळ चाललं असेल, हे मला सहा महिने विचारायचं होतं आणि विचारायला कोणी नव्हतं. चार सेकंद. फार नाही.

लोक धावले. आई धावली नाही. ती टेप घेऊन आली, आधी माझा गुडघा पाहिला, मग टोक खुणेवर ठेवून कैलाशला म्हणाली, "धर ते नीट." तिने वाकून पाहिलं.

"पंधरा मीटर ऐंशी," आई म्हणाली.

श्यामलालांनी स्वतः जाऊन पुन्हा टेप लावला. पंधरा ऐंशी. मग ते रसाच्या गाडीच्या फळीवर कागद ठेवून लिहायला बसले. मी पडले होते, तेव्हा त्याचीही नोंद घेणं भाग होतं. लिहिता लिहिता ते पुटपुटत होते. "यातील अर्जदार महिला हिने आपले ताब्यातील दुचाकी भरधाव..."

पेन थांबलं. त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या कोपरावर आई उसाच्या गाडीवरचा बर्फ धरून होती.

"हाताला सवय आहे, मॅडम," ते म्हणाले. त्यांनी त्या शब्दावर रेघ मारली. सावकाश, पट्टी लावून. मग पिशवीतून जुन्या पंचनाम्याची प्रत काढली आणि त्यातल्या भरधावखालीही पेन्सिलीने खूण केली. "याच्या पुरवणीत लिहितो. वेग अंदाजे ताशी तीस. रस्त्यावर धान." मग मान वर करून विचारलं, "आता एवढं सांगा. धान कोणाचे?"

"आत्ताचे का तेव्हाचे?" देवचंद म्हणाला.

ऐंशी माणसं एकाएकी रस्त्याकडे बघू लागली. सुशिलाबाईंनी पदर सारखा केला. देवचंदने टोपी काढली.

"दोन्ही टाइमाले आपलेच होय, साहेब. केशोरावभाऊच म्हनले होते, खळा ओला हाये, धान रोडवर टाक. मोहाच्या झाडापासून पुलियापर्यंत टाक म्हनले. मले चार पोते जास्त झाले. मी पुलियापुढच्या वळनाच्या पलीकडे नेले. भाऊले माहीत नव्हतं. वळनावर आले न् समोर रोडभर धान दिसले." तो माझ्याकडे बघत नव्हता, धानाकडे बघत होता. "मी हात केला, या म्हनलं वरून, काही होत नाही. पन भाऊ आपल्या धानावर कधी गाडी घालते का, बाई? कनी होते म्हनून ब्रेक दाबला."

ऊन डोक्यावर आलं होतं. रसाच्या यंत्राची घुंगरं कोणीतरी हाताने धरून थांबवली होती.

गावाला सगळं माहीत होतं. श्यामलालांनाही बहुधा असावं. धान लिहिलं असतं तर ते पसरवणाऱ्यावर गुन्हा लिहावा लागला असता. त्यापेक्षा भरधाव हा शब्द सगळ्यांनाच सोयीचा होता. त्याने फक्त एका माणसाचं नुकसान होत होतं, आणि तो तक्रार करणार नव्हता.

"म्हणजे वळणापलीकडे धान देवचंदने टाकले," श्यामलाल सावकाश म्हणाले. पेन त्यांनी कागदापासून वर धरलं होतं.

मी आईकडे पाहिलं. आई देवचंदकडे बघत होती. बावीस वर्षं तो आमच्या शेतात राबतो. तिच्या आजारपणापासून तिच्या म्हाताऱ्या सासूच्या मयतीपर्यंत तो आमच्या घरी आलेला आहे. बाबांच्या तेरवीला त्याने जेवणाच्या पंगतीत पाणी वाढलं, पण स्वतः जेवला नव्हता. ते मला तेव्हाही दिसलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

"नाही," आई म्हणाली. "वळणापलीकडे टाकायला त्यांनीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी फोनवर. माझ्यासमोर."

बाबांकडे फोन होता, पण देवचंदकडे तो संक्रांतीनंतर आला. हे मला माहीत होतं, देवचंदला माहीत होतं आणि गावातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. श्यामलालांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे का, मॅडम? अर्जदार तुम्ही आहात."

सहा महिने मी एका खोट्या शब्दाच्या मागे हिंडले होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं: मयत हे ताशी अंदाजे तीस किलोमीटर वेगाने येत असताना, त्यांनी स्वतःच पसरविण्यास सांगितलेले स्वतःचे मालकीचे धान तुटू नये म्हणून ब्रेक दाबला असता, दुचाकी घसरून. पंचांच्या सह्या झाल्या. सुशिलाबाई म्हणाल्या, "फोटो राहू देतो, माय. खालचं वाक्य बदलतो." काय लिहायचं ते मात्र त्यांना सुचेना, मलाही सुचलं नाही.

देवचंद धान गोळा करत होता. कैलाशने आणि मी उधळलेलं त्याने वेगळ्या पोत्यात भरलं आणि ते स्कूटरच्या पायदानावर आणून ठेवलं. "हे विकाले जमत नाही. कनी झाली." आई म्हणाली, "कण्यांचा भात चांगला लागतो. रविवारी ये जेवायला." त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "येतो, वहिनी."

स्कूटरचं हँडल थोडं वाकलं होतं, पण चालत होती. आई मागे बसली. कैलाशने टेंपोतून नेण्याचा सल्ला दिला, तो आम्ही घेतला नाही. काटा लाल रेघेला टेकला. माझा गुडघा ठणकत होता आणि दुपारचं डांबर डोळ्यांसमोर हलत होतं. गोरेगावच्या अलीकडे डबा लावलेला एक कुल्फीवाला सायकलवरून आला, काही वेळ आमच्या बरोबरीने चालला आणि मग घंटी वाजवून पुढे निघाला. जाता जाता त्याने वळून पाहिलं.

"गाडी बंद पडून रायली का, बाई?"

"नाही," आई मागून म्हणाली. "भरधाव आहे."